पाळणा थांबवणारी बाई

"आवळलंय, का नुसतं लावलंय?"

हा प्रश्न बाई कशालाही विचारत. नळाच्या तोटीला, गॅसच्या रेग्युलेटरला, माझ्या सायकलच्या मागच्या चाकाला. विचारताना उजव्या हाताचा अंगठा त्या वस्तूवर टेकवून किंचित दाबायच्या आणि मान कलती करून थांबायच्या. उत्तर अंगठ्यातून येणार असल्यासारख्या. एकदा गल्लीतले एक गृहस्थ मुलाचं लग्न ठरल्याचे पेढे घेऊन आले. पेढा तोंडात टाकायच्या आधी बाईंनी विचारलं, "आवळलंय, का नुसतं लावलंय?" गृहस्थ गडबडले. ते लग्न पुढं मोडलं, आणि तेव्हापासून लोक बाईंच्या दारात पेढे घेऊन यायला जरा बिचकू लागले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाई आणि मी एकाच आयटीआयमध्ये शिकवत होतो. मी ड्रॉइंग, त्या फिटर ट्रेड. फिटर शिकवायला बाई, हे तेव्हा आमच्या जुन्नर तालुक्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांचं माहेर पिंपरी पेंढारचं. वडील पुण्याजवळच्या कारखान्यात फिटर होते आणि छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या गोष्टी मुलीला जेवताना सांगायचे. मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आली. पिंपळवंडीच्या पुढं आमचं गाव, आणि आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत बाई भाड्यानं राहायच्या. त्या मला भाऊ म्हणायच्या, मी त्यांना ताई.

त्या खोल्यांत त्यांच्याबरोबर त्यांची सासू राहायची. सासू म्हणजे त्यांची सख्खी आत्याच, वडिलांची बहीण. ताईंचा नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. माहेरची माणसं न्यायला आली, तर या गेल्या नाहीत. मला म्हणाल्या होत्या, "मी गेले तर आत्याला कोण आहे, भाऊ?" आणि आत्या मला ओसरीवर गाठून हळूच म्हणायच्या, "मी लेकीकडं गेले असते रं. पण हिला कोण हाये?" दोघीही एकमेकींसाठी थांबल्या होत्या आणि दोघीही दिवसभर भांडायच्या. भाजीत मीठ, चुलीवरचं पाणी, उंबऱ्यात काढलेल्या चपला, काहीही चालायचं. भिंतीपलीकडून आवाज यायचा थांबला, की माझी बायको म्हणायची, "बरं नाही का कुणाला? जरा बघून या."

ताईंचा एक तास मी मुद्दाम दारात उभा राहून पाहिला आहे. तुम्हीही पाहायला हवा होता. भाजीवाल्यांकडे असतो तसला एक ताणकाटा त्यांनी छताच्या हुकाला टांगला. खालचा आकडा हातानं ओढून स्प्रिंग ताणली, आणि आकडा परत वर जाऊ नये म्हणून मध्ये एक लाकडी ठोकळा अडकवला. मग आकड्याला एक वजन लावलं. काट्यावरची सुई हलली नाही. दुसरं लावलं. सुई जागच्या जागी.

"मॅडम, काटा बिघडलाय," मागून एक जण म्हणाला.

"काटा बरोबर आहे. तुझा अंदाज बिघडलाय. वजन तर टांगलंय, मग त्याचा भार गेला कुठं?"

त्यांनी ठोकळ्यावर बोट ठेवलं.

"स्प्रिंग आधीच ताणलेली आहे आणि तिनं ठोकळा दाबून धरलाय. मी वजन लावलं, की ठोकळ्यावरचा दाब तेवढा कमी होतो. स्प्रिंगला पत्ताच लागत नाही. बोल्टचं असंच. नट आवळला की बोल्ट ताणला जातो आणि दोन पाट्या एकमेकींवर दाबल्या जातात. मग बाहेरून हिसका आला, तर त्यातला थोडा वाटा बोल्टकडे आणि बाकीचा पाट्यांकडे. पण हे कधी? आधी आवळलं असेल तर."

असं म्हणत त्यांनी आणखी एक वजन लावलं. त्यासरशी ठोकळा सुटून खाली पडला आणि सुई झरकन खाली गेली.

"सुटला! आता इथून पुढचं सगळं एकट्या स्प्रिंगच्या बोकांडी."

मुलं हसली. त्या हसल्या नाहीत. ठोकळा उचलून त्यांनी तो पदरानं पुसला आणि टेबलावर ठेवला.

आमच्या गावच्या जत्रेचं आता सांगतो. जत्रेत दरवर्षी एक मोठा आकाशपाळणा यायचा. त्याचा मालक आंबेगावकडचा, घोडेगावच्या वरच्या अंगाचा. घराणं मेंढरांमागं हिंडणारं. यानं मेंढरं भावाला दिली आणि पाळणा घेतला. जुन्नर-आंबेगावातल्या जत्रा करत तो तसाच हिंडायचा. मोठा हौशी माणूस. दरवर्षी जत्रांचा मोसम सुरू व्हायच्या आधी अख्खा पाळणा नव्यानं रंगवायचा. त्या वर्षी त्यानं पिवळाधमक रंग दिला होता आणि प्रत्येक पाळण्यावर मोर काढला होता.

दुपारची वेळ होती. ताई आणि आत्या बांगड्या घेऊन परत निघाल्या होत्या, मी बरोबर होतो. पाळण्यापाशी ताई थांबल्या. मला वाटलं, मोर बघतायत.

"भाऊ, ऐका," त्या म्हणाल्या.

चाक फिरत होतं. इंजिनाच्या धडधडीत आणि पिपाण्यांच्या गोंगाटात दर फेरीला एकदा 'टक्' असा आवाज येत होता. त्या आणखी पुढं गेल्या आणि डोळ्यांवर हात धरून वर पाहू लागल्या. चाकाच्या मधल्या आसावर एक जाड लोखंडी तबकडी होती. सगळे आरे तिलाच बोल्टांनी जोडलेले. त्या बोल्टांच्या भोवती नव्या पिवळ्या रंगावरून तांबूस ओघळ आले होते.

"पाऊस नाही, पाणी नाही, आणि गंज ओघळतोय. पाट्या एकमेकींवर घासतायत. सैल आहे ते."

त्यांनी मालकाला चाक थांबवायला सांगितलं. तो हसला. "बाई, बसायचं असंल तर बसा. न्हाई तर बाजूला व्हा. गर्दी बघताय न्हवं?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. जत्रा कमिटीचे अध्यक्ष आले. त्यांच्यामागून आणखी चारदोन माणसं आली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमी आयटीआयमदी शिकवा ना. इथं आमाला नका शिकवू." आणि मागचा एक जण, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू, म्हणाला, "देव आमचा, जत्रा आमची. हिला काय त्याचं?"

मी त्या माणसाला ओळखत होतो. त्याच्याकडे वळून मी काहीतरी बोललोही. पण ताईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. चाक माणसं उतरवायला थांबलं होतं. पाळण्यात चढायला एक फळी टाकलेली असते. त्या सरळ जाऊन त्या फळीवर बसल्या.

"मी उठणार नाही. खाली आलेली माणसं उतरवा. नवीन कुणाला चढवायचं असेल तर माझ्या अंगावरून चढवा."

बाईमाणसाला हात धरून उठवायचं कुणी? तेवढ्यात गर्दीतून आत्या आल्या. कासाराच्या दुकानापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बांगड्यांच्या रंगावरून वाजलं होतं. आत्या फळीवर जाऊन सुनेशेजारी बसल्या, बांगड्यांची पुडी मांडीवर ठेवली, पदर सारखा केला, आणि मग हळू आवाजात विचारलं, "काय झालंय गं?"

मी अगदी जवळ उभा होतो म्हणून मला ते ऐकू आलं. बसल्या आधी, विचारलं नंतर.

सगळी माणसं एकेक करून उतरली, पाळणा बंद झाला. मालकानं रागारागानं शिडी लावली, वर चढून पाना घातला. काही नट तर नुसत्या बोटांनी फिरले. पण तुटलेला बोल्ट एकही निघाला नाही. त्यानं वरूनच ओरडून सांगितलं, "बघा रं बघा! एकबी तुटलेला न्हाई!" माणसं हसली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पाळणा खोलून परत जोडण्यात जत्रेचा भर निघून गेला.

ताई म्हणाल्या, "पावणं, त्यातला एक मला द्या." त्यानं दिला नाही, भिरकावला. त्यांनी मातीतून तो उचलला, फुंकर मारली आणि पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये तो बोल्ट व्हाइसच्या जबड्यात आवळून त्यांनी वाकवला. दोनच हिसक्यांत तुटला. तुटलेल्या तोंडावर अर्ध्याहून अधिक भाग जुना, तपकिरी, शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघांचा होता. उरलेला नुकताच तुटल्यासारखा चकचकीत. मी म्हटलं, "चला, गावात नेऊन दाखवू."

"कशाला?" त्या म्हणाल्या. "हा एक गेला असता तर बाकीच्यांनी काही काळ धरलं असतं. दिवस, महिना, वर्षही. मला काय ठाऊक? कालच पाळणा पडला असता असं मी छातीठोक सांगू शकत नाही, भाऊ. मग दाखवून काय सांगू?"

त्यांचा हा स्वभाव मला कधीकधी चीड आणायचा. जिंकायची संधी हातात असताना माणसानं इतकं खरं बोलू नये.

गावानं त्यांना 'पाळणेवाली बाई' नाव पाडलं. दूध घालणारा दारात हाक न मारता भांडं उंबऱ्यावर ठेवून जाऊ लागला. पिठाच्या गिरणीवर बायका आत्यांना मुद्दाम विचारायच्या, "काय, आज गिरणीबी बंद पाडणार का सूनबाई?" आत्या दळणाचा डबा खाली ठेवून सांगायच्या, "पाडंल की. पट्टा सैल दिसला तर पाडंल. तवा तू आत न्हाईस ना, तेवढं बघ." घरी येऊन मात्र सुनेवर करवादायच्या, "तुज्यापायी मला बायकांची तोंडं ऐकावी लागत्यात!" आणि गिरणीवर त्यांनी काय उत्तर दिलं, हे ताईंना माझ्या बायकोकडून कळायचं.

पुढच्या मोसमाआधी एका दुपारी पाळण्याचा मालक आयटीआयच्या दारात उभा राहिला. टोपी हातात. ताई त्याला ओळखून म्हणाल्या, "या पावणं. पाणी घ्या."

त्यानं पाणी प्यायलं नाही. म्हणाला, "बाई, समदं बोल्ट बदललं. जाड घातलं. तरीबी सैल व्हत्यात. दोन तुटलं." आणि मग, "माजी पोरं बसत्यात त्यात. गिऱ्हाईक नसताना पाळणा फिरवून दावायचा आसला की माजीच पोरं बसवतो मी."

ताईंनी कपाट उघडून तो जुना बोल्ट काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तपकिरी भागावर बोट ठेवून एवढंच म्हणाल्या, "हे आधीच गेलेलं होतं."

पुढच्या रविवारी दोघंही पाळण्याचं सामान ठेवलेल्या वावरात गेले. सुट्टीचा दिवस होता, मीही गेलो. ताईंनी एक आरा उचलून घेतला, त्याचं टोक तबकडीवर बसतं तिथं नखानं खरवडलं. पापुद्रा निघाला. पिवळा. त्याच्याखाली हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली लाल. किती वर्षांचे रंग होते कोण जाणे.

"पावणं, हौस भारी आहे तुमची. पण लोखंडावर लोखंड बसलंच नाही इथं. तुम्ही आवळता ते रंगावर. दोन फेऱ्यांत रंग चेपतो, बोल्टचा ताण गेला. मग दर फेरीला सगळा हिसका बोल्टलाच. वर जाताना एक, खाली येताना एक. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसं."

"म्हंजी जाड बोल्टाचा काय उपेग न्हाई?"

"सैल असला तर जाड काय अन् बारीक काय. उलट जाड बोल्ट कमी ताणला जातो, म्हणून जास्त वाटा स्वतःकडे ओढून घेतो. तुम्हाला बोल्ट बदलायचा नव्हता. त्याला सोबत द्यायची होती."

मालक रंगाच्या त्या थराकडे पाहत राहिला. म्हणाला, "लाल रंग माज्या बापाच्या हातचा हाये. पाळणा घेतला त्या साली त्यानंच रंगवलाता." आणि मग स्वतःच पत्र्याचा तुकडा घेऊन खरवडायला बसला.

तुम्हाला वाटेल, पुढं सगळं सुरळीत झालं. तसं झालं नाही. जोडणीच्या दिवशी ताईंना उत्साहाचं भरतं आलं. घट्ट म्हणजे किती घट्ट, याचा अंदाज द्यायला त्यांनी पान्याला लांब पाइप लावला आणि सगळं अंग टाकून ओढलं. बोल्ट खाडकन तुटला. ताई उताण्या पडल्या, मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्या तेव्हा आत्या दारातच उभ्या होत्या. हात बघितला, काय झालं ते माझ्याकडून ऐकलं आणि म्हणाल्या, "तुज्या हाताला मापच न्हाई. भांडताना न्हाई, आवळतानाबी न्हाई." ताई हसायला लागल्या, हसताना मनगट दुखलं, आणि दुखलं म्हणून रडायला लागल्या. मी तोवर त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पुढं प्लास्टर निघेपर्यंत आत्यांनी त्यांना रोज घास भरवला, आणि दर घासाला एक टोमणा.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवूनच ताईंनी रीत बसवून दिली. आधी जोड घासून कोरा करायचा. सगळे नट समोरासमोरचे घेत सारखे बसवायचे. मग खडूनं रेघ मारायची आणि तिथून पुढं ठरल्याएवढंच फिरवायचं, पाइप लावायचा नाही. चाक रिकामं फिरवून पुन्हा एकदा तपासायचं. मालकानं मोर तसेच ठेवले, पण जोडांवर पुन्हा कधी रंग लावला नाही. नवीन पिवळ्या चाकावर ते उघडे लोखंडी ठिपके लांबून विचित्र दिसायचे. कुणी विचारलं तर तो सांगे, "ताईचं काम हाये ते." बाईची ताई कधी झाली, ते माझ्या लक्षात आलं नाही.

अध्यक्षांनी कधी चूक कबूल केली नाही. ताईंनी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. पण पुढच्या प्रत्येक जत्रेत चाक जोडून झालं, की ते नातवाला घेऊन थोडं लांब उभे राहायचे. ताई शिडीवरून उतरून मालकाकडे बघून मान हलवायच्या. ती मान हलली, की अध्यक्ष नातवाला म्हणायचे, "जा, बस."

असं बरीच वर्षं चाललं. दरम्यान आत्यांनीच कुणा चांगल्या विधुराचं स्थळ आणलं होतं. ताईंनी नाही म्हटलं. आत्या म्हणाल्या, "माजं काय, मी आज हाये, उद्या न्हाई." ताई म्हणाल्या, "मग उद्या बघू." त्यावरून त्या दोघी किती दिवस धुमसत होत्या, ते आमच्या भिंतीला विचारा.

उद्या आला तो उलटाच. दोन हजारनंतरची काही वर्षं गेली होती. ताईंना पोटाचं दुखणं निघालं. पुण्याच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या. आत्या प्रत्येक खेपेला बरोबर जायच्या, एसटीत खिडकीची जागा सुनेला द्यायच्या. शेवटच्या दिवसांत ताई माझ्याशी एकदाच मनातलं बोलल्या. मी उशाशी बसलो होतो. म्हणाल्या, "भाऊ, आत्या रात्री माझ्याशी भांडत नाही आता. तिला सांगा ना, भांड म्हणावं. मला एकटं वाटतं." मी आत्यांना तो निरोप दिला. त्या उठून आत गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "औषध घेतलंस का? का सांगावं लागतं दर बारीला?" ताईंनी डोळे मिटले आणि ओठ जरासे हलवले. ते हसू होतं, असं मी समजतो.

ताई गेल्या त्यानंतरच्या धम्मविधीला पाळण्याचा मालक बायकोला घेऊन आला. तिथं काय म्हणायचं असतं, त्याला ठाऊक नव्हतं. तो सगळ्यांच्या मागं हात जोडून बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही. निघताना आत्यांच्या पाया पडून म्हणाला, "मावशी, काय लागलं सवरलं तर सांगा."

आत्या म्हणाल्या, "काय न्हाई लागत." मग थोड्या वेळानं, "जत्रंला आलास की मला बसव एकदा. म्या कधी बसले न्हाई."

जत्रा आली. दुपारचं ऊन होतं, गर्दी अजून जमायची होती. आत्यांनी फळीपाशी चपला काढल्या. मी म्हटलं, "आत्या, चपला राहू द्या पायात." तर म्हणाल्या, "वरून पडल्या कुणाच्या टकुऱ्यात तर?" चपला त्यांनी माझ्या हातात दिल्या आणि मालकानं त्यांना हाताला धरून बसवलं. इंजिन पोराच्या ताब्यात दिलं आणि स्वतः त्यांच्या समोर बसला. चाक हळू फिरू लागलं. आत्यांनी दांडी घट्ट धरली होती. वर पोचल्यावर मालकानं खाली खूण केली आणि पोरानं चाक थांबवलं.

त्या एवढ्या उंचीवर आत्यांचं पांढरं पातळ वाऱ्यानं फडफडत होतं. लांब खोडदकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या उन्हात चमकत असाव्यात, कारण आत्यांनी आधी तिकडे पाहिलं. मग त्या वळल्या, गावाकडे बघत राहिल्या आणि हात लांब करून काहीतरी बोलू लागल्या. मालक मान डोलावत ऐकत होता. खाली मला एक शब्द कळेना.

उतरल्यावर मी विचारलं, "काय बोलत होता एवढं?"

"आपलं घर दिसतंय तिथनं," आत्या म्हणाल्या. "दोरीवर तिचं निळं लुगडं वाळत घातलंय मी. सारखं ट्रंकेत ठिवून वास येतो. ते दिसलं."

मग त्यांनी माझ्या हातातल्या चपला घेतल्या, वाकून पायांत घातल्या आणि लुगडं उन्हात फार वेळ राहू नये म्हणून भराभर घराकडे निघाल्या.